कबुली : धम्मातील आणि कायद्यातील



'कबुली' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे पोलीस ठाणे उभे राहते. परंतु परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात भिक्खूंच्या कबुलीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. ही प्रथा म्हणजे उपोसथ. संघरचनेतील ही सर्वांत अभिनव गोष्ट होय, असे त्यांचे मत होते.

उपोसथाच्या दिवशी एका सीमेतील भिक्खू एकत्र बसतात. पातिमोक्खाचे नियम म्हटले जातात. थेरवाद परंपरेत ते २२७ आहेत. प्रत्येक वर्गानंतर, आपण या बाबतीत शुद्ध आहात काय, असे तीन वेळा विचारतात. दोष घडला असेल त्याने तो सांगावा. मौन म्हणजे शुद्धतेची ग्वाही. येथे दंडुका नाही, साक्षीदार नाही. आहे ती फक्त सदसद्विवेकबुद्धी.

कॅथलिक पंथात पापाची कबुली धर्मगुरूपुढे एकांतात देतात व तो ईश्वराच्या नावे क्षमा करतो. धम्मात क्षमा करणारा ईश्वर नाही. अजातशत्रूने पितृहत्येची कबुली तथागतांपुढे दिली. दोष ओळखून पुढे संयम पाळणे ही प्रगती आहे, असे तथागतांनी त्याला सांगितले. पण कर्माचे फळ टळले, असे सांगितले नाही.

आता कायदा पाहू. १८७२ च्या पुरावा अधिनियमाने धाक, आमिष वा वचन देऊन घेतलेली कबुली आणि पोलिसांपुढील कबुली त्याज्य ठरविली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हेच तत्त्व आहे. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या 'मकोका' कायद्याने मात्र याला अपवाद केला. त्यानुसार पोलीस अधीक्षक वा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य धरता येते. ११ जुलै २००६ च्या मुंबई रेल्वे बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसे मेली. २०१५ साली बारा जणांना शिक्षा झाली. त्यांपैकी एक जण २०२१ साली, नागपूर कारागृहात शिक्षा भोगत असताना मरण पावला. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या कबुल्या अविश्वसनीय ठरवून बाराही जणांना निर्दोष ठरविले. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. जबरीच्या कबुलीवर उभा राहिलेला खटला आरोपींना न्याय देत नाही, तसाच मृतांच्या नातेवाइकांनाही देत नाही.

मी बँकेत लिपिक आहे. पूर्वी एका शाखेत रोख रकमेत तूट आली. संशय शिपायावर गेला. नोकरीच्या भीतीने त्याने 'माझी चूक झाली' असे लिहून दिले. दुसऱ्या दिवशी चूक माझ्याच व्हाउचरात सापडली. मी ती सांगितली, त्याचा कागद फाडला गेला. पण तो लिहीत असताना, आपले व्हाउचर एकदा तपासावे, असे मला वाटले होते, आणि मी गप्प बसलो होतो. उपोसथाच्या भाषेत ते मौन खोटे होते.

दुसऱ्याकडून कबुली वदवून घेणे सोपे आहे. स्वतःची, वेळेवर आणि कोणी न विचारता देणे कठीण आहे. पंचशीलातील चौथे शील आपण रोज म्हणतो. ते फक्त खोटे बोलण्याविषयी आहे, की खोटे मौन पाळण्याविषयीही, याचा प्रत्येकाने विचार करावा.

जय भीम! भवतु सब्ब मंगलम्!