टोमॅटोचं रोप वाकडं आलं म्हणून प्रयोग चुकत नाही

पुण्यातल्या वस्त्यांतून आम्ही आरोग्याच्या कामासाठी फिरतो, तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत मुलांच्या शाळेच्या प्रकल्पाचे पेले दिसतात. त्यात टोमॅटोची रोपं असतात. पण लांबुळकी, पिवळट, दाराकडे झुकलेली. 'आमच्या घरात काही नीट येत नाही' म्हणत काही पालक नर्सरीतून तयार रोपं आणून मुलांच्या हाती देतात. गुण मिळतात, पण मूल शिकतं की आपल्या घरात जे दिसलं ते लपवायचं असतं. म्हणून हा प्रयोग घरातल्या मोठ्यांनीही समजून घेऊ या.

बी आणि माती

पाकिटातलं बी गुलाबी, लाल किंवा निळं रंगवलेलं असेल तर त्याला औषध लावलंय असं समजा. ते लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. घरातल्या पिकलेल्या टोमॅटोचं बीही चालतं. त्यावरचा बुळबुळीत थर बी रुजू देत नाही. म्हणून गर थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा, मग बी चोळून धुवा आणि सावलीत वाळवा.

नाल्याकाठची किंवा मुलं उघड्यावर शौचाला बसतात तिथली माती घेऊ नका; तीत जंतांची अंडी असू शकतात. मातीत काम झाल्यावर नखांसकट हात साबणाने धुवा.

तीन पेले

एकसारखे तीन पेले घ्या आणि बुडाला भोकं पाडा. तिन्हींत तीच माती, पाच-पाच बिया, साधारण एक सेंटीमीटर खोल. पाणी एकाच चमच्याने मोजून घाला. एक पेला दारात उजेडी ठेवा, दुसरा खोलीत, तिसरा खोक्याखाली अंधारात. फरक फक्त उजेडाचा ठेवायचा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

पाच ते दहा दिवसांत कोंब येतात, थंडीत उशीर लागतो. अंधारातलं बीही उगवेल, कारण टोमॅटोच्या बीला रुजायला ओल, ऊब आणि हवा पुरते. उजेड लागतो तो पुढे, अन्न तयार करायला.

काय दिसेल?

अंधारातलं रोप बहुधा सगळ्यांत उंच होईल. आजी म्हणेल, हेच छान वाढलं! पण त्याचा देठ बारीक आणि पानं फिकट, मिटलेली असतील. बीमधला साठा खर्च करून ते उजेड शोधत लांबतं. साठा संपला की कोलमडतं. अंगणवाडीत बाळाची नुसती उंची बघत नाहीत, वजन आणि दंडाचा घेरही मोजतात. तसंच इथेही बघायचं.

खोलीतलं रोप दाराकडे वळेल. सावलीकडच्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात, म्हणून देठ उजेडाकडे झुकतो. पुस्तकात याला प्रकाशानुवर्तन म्हणतात. म्हणजे वाकडं रोप हेच या प्रयोगाचं उत्तर आहे.

पेल्याखालची ताटली

पाणी निथळून ताटलीत साचतं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. ताटली रोज ओता, आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. जास्त पाण्याने रोपही बुडाशी कुजतं.

रोप घराबद्दलही सांगतं

ज्या खोलीला खिडकी नाही तिथे उजेड कमी आणि हवाही कोंडलेली. अशा ठिकाणी क्षयरोग लवकर पसरतो. दिवसा दार उघडं ठेवा. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात तपासून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि उपचार तिथे मोफत होतात.

वहीत काय लिहायचं?

रोज ठरलेल्या वेळी उंची, रंग, पानांची संख्या आणि झुकाव लिहा. पाचपैकी तीनच बिया उगवल्या तर तीनच लिहा. खोली कशी आहे, दार कोणत्या दिशेला आहे, ऊन किती तास येतं, हेही लिहा. रोप वाकडं म्हणून शाळेत गुण कापले तर आईबाबांनी वही घेऊन बाईंना किंवा सरांना भेटावं आणि मुलाला स्वतःच्या तोंडून कारण सांगू द्यावं.