वहीत मोती, केकवर शेवया

प्रश्न : शाळेत सुंदर हस्ताक्षराची बक्षिसं मिळवली. आता घरून केकच्या ऑर्डरी घेते. स्पंज चांगला होतो, फुलं जमतात, पण नाव लिहायला कोन हातात घेतला की अक्षरं शेवयांसारखी वळवळतात. मराठीत लिहायचं असलं तर विचारूच नका. बेकरीतला मुलगा मात्र गिऱ्हाइकाशी बोलता बोलता नाव लिहून मोकळा होतो. माझ्या चांगल्या हस्ताक्षराचा इथे काहीच उपयोग नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : उपयोग आहे, पण तो मागाहून होतो. सुरुवातीला ते हस्ताक्षरच आडवं येतं. पेन कागदावर टेकवून ओढायची सवय हाताला लागलेली असते आणि केकवर नेमकं तेच करायचं नसतं. तिथे रेष ओढत नाहीत, सोडतात. ही कला तुम्हाला वहीने शिकवलेली नाही, पण दारातल्या रांगोळीने शिकवलेली असेल. रांगोळी काढताना चिमूट जमिनीला घासत नाही. ती वरून चालते आणि रेष खाली पडते.

क्रीमचंही तसंच. नोझल केकला हलकेच टेकवा, दाबा, धागा चिकटला की टोक अर्धा सेंटीमीटरभर वर उचला. आता क्रीमचा धागा हवेत लोंबतो आहे. तो हवा तिकडे न्या आणि निजवा. रेष संपायच्या किंचित आधी दाब सोडा, मग टोक टेकवून उचला. नोझल टेकवूनच ओढलं तर खालचं क्रीम खरवडलं जातं आणि बोटांचा प्रत्येक कंप रेषेत उतरतो. लोंबता धागा तो कंप वरच्या वर जिरवतो.

आता तुमच्या शेवया. धागा बाहेर येण्याचा वेग आणि हात पुढे जाण्याचा वेग जुळला की रेष सरळ पडते. हात मागे राहिला की जास्तीचा धागा जागच्या जागी वेटोळी घेतो. हात पुढे पळाला की धागा बारीक होतो आणि तुटतो. रेषेच्या शेवटी शेपूट राहिलं तर दाब उशिरा सोडला. म्हणजे चूक काय झाली ते अक्षरच सांगतं. नवशिका जपून लिहायचं म्हणून हळूहळू लिहितो आणि तिथेच फसतो. बेकरीतला मुलगा भरभर लिहितो ते घाईने नव्हे. त्याच्या दाबाला तोच वेग जुळतो. शिवाय तो मनगटाने लिहीत नाही, कोपरापासून सगळा हात फिरवतो. दाबायचं काम एका हाताचं, दुसऱ्या हाताचं एक बोट नोझलला नुसता आधार देतं.

कोनात काय भरलंय तेही बघा. फुलांसाठी फेटलेलं फुगीर व्हिप क्रीम लिहायला वापरू नका. त्यातला हवेचा बुडबुडा नोझलपाशी आला की फट् होतो आणि रेष तुटते. तेच क्रीम वाटीत घेऊन चमच्याच्या पाठीने कडेला दाबून हवा काढा. आयसिंग शुगर वापरणार असाल तर बारीक चाळणीने चाळून घ्या, एक गुठळी सगळं नाव अडवते. न्यूट्रल जेलमध्ये रंगाचा थेंब टाकून लिहिणं नवशिक्याला सगळ्यात सोपं. वितळलेलं चॉकलेट वापरायचं तर बटर पेपरचा छोटा कोन वळा आणि टोक अगदी थोडं कापा. मोठं करता येतं, लहान करता येत नाही. कोनात दोन-तीन चमचेच भरा. भरलेला कोन तळहातात धरून बसलात तर एप्रिल-मेमध्ये त्यातलं क्रीम तुमच्याआधी घाम गाळेल.

आता मराठीकडे वळू. इथे अडचण आहे तशी सोयही आहे. इंग्रजी अक्षराची सुरुवातीची गुठळी उघडी पडते. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात, त्यामुळे बऱ्याच सुरुवाती एका ओळीत येतात. म्हणून आधी टूथपिकने केसाएवढी आडवी खूण करा, तिच्याखाली अक्षरं उतरवा आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, जमेल तितक्या एका दमात सोडा. आरंभाच्या बऱ्याच गुठळ्या तिच्या पोटात जातात. शाळेतही आपण शब्द झाला की वरून रेघ मारत होतोच.

एका दमात म्हणताना एक पथ्य मात्र पाळा. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावर रेष तुटलेली हवी. भाच्याच्या पहिल्या वाढदिवसाला मी रेषेचा वेग सापडल्याच्या आनंदात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडली आणि केकवर ‘शुमेच्छा’ उमटल्या. घरातल्या आजोबांनी चष्मा लावून त्या मोठ्याने वाचल्या. धनश्रीची घनश्री होते ती अशीच. ‘ख’चे दोन भाग लांब पडले तर ‘सुख’चं ‘सुरव’ होतं. ‘म’, ‘भ’ यांची गाठ आणि ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ जाड धाग्याने बुजून जाते. त्यामुळे एक ते दीड सेंटीमीटर उंचीच्या अक्षराला १ किंवा २ नंबरचं गोल नोझल घ्या. त्याहून जाड नोझल हवं असेल तर अक्षरही मोठं काढा.

राहिला जागेचा प्रश्न. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ म्हणजे बारा अक्षरं. अर्धा किलोचा गोल केक साधारण ६ इंचांचा, म्हणजे १५ सेंटीमीटर. दोन्ही कडांना फुलांची जागा सोडली की हातात १० सेंटीमीटर राहतात. बारा अक्षरं एका ओळीत कोंबली तर शेवटचं ‘च्छा’ केकवरून खाली उतरतं. इथे कामाला येतात समर्थ रामदास. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. भोवती जागा सोडून मधोमध लिहा, ओळीला ओळ भिडू देऊ नका, मात्रा-उकारांची टक्कर होऊ देऊ नका, असं त्यात सांगितलं आहे. ते पोथी लिहिणाऱ्यांसाठी होतं, पण केकला तंतोतंत लागू पडतं. आपल्या लिपीला तीन मजले आहेत : वर मात्रा, वेलांटी, रफार, मधे अक्षर, खाली उकार. वरच्या ओळीतल्या ‘शु’चा उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांत अडकले की सोडवता येत नाहीत. म्हणून अक्षराची उंची दीड सेंटीमीटर असेल तर दोन शिरोरेषांमध्ये ३ सेंटीमीटर अंतर ठेवा. लहान केकवर तर नुसतं नाव लिहा. शुभेच्छा तोंडाने द्याव्यात, त्या कधी चुकत नाहीत.

सरावासाठी केक लागत नाही. कागदावर मोठ्या अक्षरात कित्ता लिहा, त्यावर बटर पेपर ठेवा आणि गिरवा. वनस्पती तूप आणि पिठीसाखर फेटून केलेलं मिश्रण खरवडून पुन्हा पुन्हा वापरता येतं. पहिले दोन दिवस नुसते काने, मग ‘व’ची गोलाई, मग ‘क’ची बाराखडी. एका बाराखडीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग सगळे येऊन जातात. ऑर्डरीच्या दिवशी नाव आधी कागदावर खऱ्या मापात लिहून केकशेजारी ठेवा. तरी चुकलंच तर लगेच पुसायला जाऊ नका, सारवण होतं. केक पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि घट्ट झालेलं अक्षर सुरीच्या टोकाने उचला. फारच धास्ती वाटत असेल तर बटर पेपरवर चॉकलेटने नाव लिहा, घट्ट करा आणि सोडवून केकवर ठेवा. हे नाव मात्र सलग शिरोरेषेने जोडलेलं हवं, नाहीतर प्रत्येक अक्षर सुटं होऊन हातात येतं. ‘ध’, ‘भ’ असलेली नावं या युक्तीला तेवढी वगळा.

आणि तुमची बक्षिसं? धागा सोडायचा कसा ते हाताला कळलं की ती उपयोगी पडतात. दोन अक्षरांत अंतर किती, गोलाई कुठे वळवायची, काना कुठे थांबवायचा, हे बेकरीतल्या मुलाला शेकडो केक लिहून कळलं. तुम्हाला ते शाळेतच कळलं आहे. फक्त ते पेनाच्या हाताला ठाऊक आहे, अजून रांगोळीच्या हाताला सांगायचं राहिलं आहे.