घरगुती विनोदी श्रुतिका

नाटक पाहावयाचें असतें. श्रुतिका केवळ ऐकावयाची असते. तिचे सर्व नियम ह्या एका भेदांतून निघतात. रंगभूमीवर पडदे, पोशाख व मुद्राभिनय नटाच्या साहाय्यास धांवतात. श्रुतिकेपाशीं साधनें तीनच: मनुष्याचा आवाज, वस्तूंचे ध्वनि आणि शांतता. उरलेलें चित्र श्रोत्यानें आपल्या मनांत रेखाटावयाचें असतें.

इंग्लंडांत १५ जानेवारी १९२४ रोजीं रिचर्ड ह्यूज ह्यांची एक छोटी श्रुतिका प्रक्षेपित झाली. मुद्दाम नभोवाणीकरितां लिहिलेल्या तेथील अगदीं आरंभींच्या नाटकांपैकीं हें एक होय. लेखकानें प्रसंग निवडला तो वेल्समधील कोळशाच्या खाणींतला. दिवे विझतात आणि पात्रांसही कांहीं दिसेनासें होतें. म्हणजे श्रोता व पात्रें एकाच अंधारांत! पुढें २३ जुलै १९२७ रोजीं आपल्या मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें.

परंतु प्रत्येक लेखकानें खाण कोठून आणावी? घर मात्र सर्वांच्या परिचयाचें असतें. भांडीं खणखणलीं कीं स्वयंपाकघर डोळ्यांपुढें उभें राहतें. वर्णनाची गरजच पडत नाहीं. म्हणूनच कौटुंबिक विनोद श्रुतिकेस मानवला. अमेरिकेंत १९३५ सालीं सुरू झालेल्या ‘फिबर मॅगी आणि मॉली’ ह्या मालिकेंत जिम व मेरियन जॉर्डन हें खरोखरीचें दांपत्य पतिपत्नींचीं कामें करीत असे. त्यांच्या घरचें एक कपाट उघडलें कीं आंतील अडगळ धडाधड कोसळे आणि सर्वांच्या शेवटीं एक चिमुकली घंटा किणकिणे. ती अडगळ कोणासच दिसत नसे. म्हणून प्रत्येक श्रोता त्या कपाटांत आपल्याच घरची अडगळ पाही. मराठींत मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’ ह्या मालिकेंतील टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत हीं पात्रें प्रभाकर जोशी, नीलम प्रभू व बाळ कुडतरकर ह्यांच्या आवाजांमुळें अशींच घरोघरीं ओळखीचीं झालीं.

आतां पाठाकरितां आम्हीं रचलेला एक लहानसा प्रवेश पाहूं.

(वर्तमानपत्राची सळसळ.)
मुलगा: बाबा, सहामाहीचे गुण मिळाले.
वडील: हूं.
मुलगा: गणितांत नऊ.
वडील: बरें, बरें. (सळसळ.)
मुलगा: शंभरांपैकीं.
वडील: छान!
मुलगा: मग सही करतां ना?
वडील: आण इकडे. (टांकाची कुरकुर.)
आई: (आंतून) अहो, सही कशावर करतां तें वाचा तरी!
(टांक थांबतो. शांतता.)
वडील: ...नऊ?

येथें हंशा पिकतो तो ‘नऊ’ ह्या शब्दानें नव्हे, तर त्याच्या आधींच्या शांततेनें. मुलगा एकही असत्य बोललेला नाहीं. वडिलांनीं प्रत्येक वाक्यास उत्तरही दिलें आहे. तरी सर्व ऐकलें तें श्रोत्यानें. वडिलांनीं कांहींच ऐकलें नाहीं. घरगुती श्रुतिकेंतील पुष्कळसा विनोद ह्याच मुळापासून फुटतो: एकाच छपराखालीं राहणारीं माणसें एकमेकांचें बोलणें ऐकत नाहींत.

विद्यार्थ्यांनीं श्रुतिका लिहितांना चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. दहा मिनिटांस तीन-चार पात्रें पुरेत व त्यांचे आवाज भिन्न असावे. कोण कोणाशीं बोलतो हें हांकेवरून कळावें. नुसती मान डोलावणें ऐकूं येत नाहीं. तेथें ‘हूं’ म्हणावेंच लागतें. आणि घोटाळा एकच असावा, पण तो शेवटपर्यंत न्यावा. कोणाचें तोतरेपण, गरिबी किंवा खेडवळ भाषा हा मात्र विनोदाचा विषय करूं नये. अशा हंशानें ज्याचें मन दुखावतें, तो कदाचित् त्याच खोलींत बसलेला असतो.

पालकांसही आमची एक विनंति आहे. वरील प्रवेश घरीं मोठ्यानें वाचावा. मात्र वडिलांचें भाषण मुलानें म्हणावें आणि मुलाचें वडिलांनीं. गणितांतल्या नऊ गुणांची बातमी सांगावयास किती धैर्य लागतें, हें मग वडिलांस कळेल. आणि दिवसभर श्रमून आलेल्या मनुष्याच्या तोंडून ‘हूं’ कां निघतो, हें मुलासही उमजेल.