गिटार, अ‍ॅम्प्लिफायर आणि उपासनामंदिराच्या भिंती



शनिवारी संध्याकाळी तरुण संघाच्या लहानशा खोलीत सराव होतो. गिटारचा आवाज गोड व स्पष्ट येतो आणि मुले आनंदाने घरी जातात. रविवारी तेच गिटार व तेच अ‍ॅम्प्लिफायर उपासनामंदिरात वेदीजवळच्या कोपऱ्यात ठेवले जाते, बटणेही कालच्याच जागी असतात. पण पहिल्या गीताचे पहिले कडवे संपण्यापूर्वीच मागच्या बाकांवरील वडील मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. शब्द कळत नाहीत, नुसता घुमारा कानी येतो. उपासनेनंतर कोणी म्हणतो, मुलांना भक्तीपेक्षा गोंगाट प्रिय आहे. मुले म्हणतात, वडिलांना नवे काहीच नको. आमच्या मंडळीत असा वाद विकोपाला गेला आणि एक चांगले गिटार दोन वर्षे कपाटात पडून राहिले. ते वाजवणारा तरुण त्यानंतर आमच्यात फारसा दिसला नाही.

या वादात ज्याची साक्ष कोणीच घेतली नाही तो तिसरा पक्ष म्हणजे इमारत. अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेला आवाज जसाच्या तसा आपल्या कानी येत नसतो. भिंती, छत, फरशी, उघड्या खिडक्या आणि बाकांवर बसलेली माणसे त्याला आपापल्या परीने घडवतात किंवा बिघडवतात. हे कसे घडते ते समजून घेतल्यास पुष्कळ मने दुखावण्यापासून वाचतील.

या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास प्रथम वॉलेस सेबिन या अमेरिकन अध्यापकाने केला. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवे कलासंग्रहालय उघडले होते. पण त्यातील व्याख्यानगृहात बोललेला एक शब्दही धड कळेना. दोष शोधण्याचे काम या २७ वर्षांच्या तरुणाकडे आले. उच्चारलेला आवाज तेथे सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळतो असे त्याला आढळले. एवढ्या वेळात वक्त्याची पुढील पंधरा अक्षरे उच्चारून होत. सेबिनने जवळच्या नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या रात्री उचलून आणाव्या, एक ऑर्गनची नळी वाजवावी, ती थांबल्यावर निनाद विरेपर्यंतचा वेळ मोजावा आणि सकाळपूर्वी गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवाव्या, असा क्रम कित्येक रात्री चालवला. गाद्या वाढत गेल्या तसतसा निनाद कमी होत गेला. यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरतात: खोलीचे आकारमान घनमीटरांत घेऊन त्यास ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण ध्वनिशोषणाने भागावे. उत्तर येते ते निनादाचे सेकंद, म्हणजे आवाजाची शक्ती दशलक्षांश होईपर्यंतचा काळ.

शोषण मोजण्यासाठी सेबिनने जे एकक घेतले ते मोठे सुबोध आहे: उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचे एक एकक.

आता एक मंदिर कल्पनेने उभे करू. लांबी २० मीटर, रुंदी १०, उंची ६. आकारमान १२०० घनमीटर. गिलावा केलेल्या भिंती, शहाबादी फरशी, लाकडी बाके. रिकाम्या अवस्थेत एकूण शोषण ६० चौरस मीटर धरले, तर निनाद सव्वातीन सेकंदांच्या जवळ येतो. रविवारी तेथे १५० माणसे येऊन बसली. मनुष्यदेह व वस्त्रे मिळून दर माणशी साधारण अर्धा चौरस मीटर शोषण होते, म्हणजे एकूण ७५ ची भर. निनाद दीड सेकंदाच्याही थोडा खाली उतरतो. आठ मोठ्या खिडक्या उघडल्या व त्यांचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर भरले, तर जणू आणखी २४ माणसे उपासनेस आली! पावसाळ्यात खिडक्या बंद आणि उपस्थिती अर्धी, अशा रविवारी आवाज का बिघडतो याचे उत्तर येथेच मिळते.

गिटारवर याचा परिणाम काय? रिकाम्या मंदिरात एक आघात केला आणि अर्ध्या सेकंदाने दुसरा, तर दुसरा सुरू होताना पहिल्याची शक्ती जेमतेम नवव्या हिश्शावर आलेली असते, आणि कानाला तो अजूनही निम्म्याइतका मोठा भासतो. तिसरा आघात त्या दोहोंवर पडतो. चित्रकाराने ओल्या रंगावर पुन्हा पुन्हा रंग चढवावा तसा हा प्रकार आहे. अशा वेळी वाजवणाऱ्याला वाटते, आपले गिटार कोणास नीट ऐकू जात नाही. म्हणून तो आवाज वाढवतो. माझ्या मते अर्धा बिघाड या एका कृतीने होतो. अ‍ॅम्प्लिफायरपासून दोन-अडीच मीटरपर्यंत थेट आलेल्या आवाजाचे प्राबल्य असते. त्यापलीकडे बसलेला मनुष्य मुख्यतः भिंतींवरून परतलेला आवाज ऐकतो. बटण फिरवल्यावर थेट आवाज जितका वाढतो तितकाच निनादही वाढतो. प्रमाण बदलत नाही, म्हणून स्पष्टताही वाढत नाही. वाढतो तो फक्त त्रास.

शिवाय घुमारा सर्व स्वरांना सारखा नसतो. माणसांची वस्त्रे व पडदे तीव्र स्वर सहज शोषतात. खर्जाचे स्वर त्यांना दाद देत नाहीत. गिटारची पाचवी तार सेकंदाला ११० कंपने करते आणि तिच्या ध्वनिलहरीची लांबी तीन मीटरांहून अधिक असते. एवढ्या लांब लहरीपुढे दोन मिलिमीटर जाडीचा पडदा तो काय करणार? पुष्कळ ठिकाणी भिंतींवर अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले मी पाहिले आहेत. त्यांनी खर्जाला काडीचाही अटकाव होत नाही. तेव्हा गर्दी जमल्यावर तीव्र स्वर विरतात, खर्ज मात्र रेंगाळतो आणि त्याच्याखाली गाणाऱ्यांची व्यंजने बुडतात. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पावा, वीणा व कर्णा यांचा दाखला घेतला आहे तो नेमका स्वर ओळखू येण्याविषयीच. आपल्या गीतांत उपदेश आहे, प्रार्थना आहे. गाणाऱ्याचा शब्दच कळला नाही तर मागच्या बाकावरील वृद्ध भगिनीने ‘आमेन’ म्हणावे कशाला?

लहान खोलीचे दुखणे वेगळे असते. तेथे निनाद थोडा, पण समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक स्वर कोंडले जातात. आपल्याकडील उष्ण हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४८ मीटर धावतो. खोली १४ फूट, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आसपास लांब असली, तर सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा स्वर तिच्या लांबीत बरोबर मावतो. आणि गिटारची सर्वांत जाड तारही ८२ कंपनांचीच! ती तार छेडताच सारी खोली घुमते, शेजारची तार मात्र बिचारी साधीच वाजते. गंमत म्हणजे ही घूम खोलीच्या मध्यावर व भिंतींलगत मोठी असते, आणि भिंतीपासून साडेतीन फुटांवर जवळजवळ नाहीशी होते. घरगुती प्रार्थनासभेत हा प्रयोग अवश्य करावा: एकाने ती तार वाजवत राहावे, दुसऱ्याने खोलीच्या लांबीच्या दिशेने हळूहळू चालत जावे. एकाच क्षणी एक जण ‘फार घुमते’ आणि दुसरा ‘ठीक आहे’ म्हणतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात.

आता कोपऱ्याविषयी. जागा वाचावी म्हणून अ‍ॅम्प्लिफायर नेहमी कोपऱ्यात, जमिनीवर ठेवतात. दोन भिंती आणि फरशी मिळून तेथे कर्ण्यासारखी रचना होते व खर्ज बळेच फुगतो. तो भिंतींपासून तीन-चार फूट पुढे घेतला आणि खुर्चीवर ठेवला, तरी निम्मे काम होते. उरलेले काम स्पीकरच्या दिशेचे. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा १२ इंची स्पीकर असतो. त्यातून खर्ज सर्व दिशांना पसरतो, पण तीन हजार कंपनांच्या वरचे स्वर विजेरीच्या झोतासारखे सरळ जातात. जमिनीवरचा झोत वादकाच्या पोटऱ्यांवर पडतो. त्याला आवाज दबलेला वाटतो, म्हणून तो ट्रेबल वाढवतो. आणि समोरच्या तिसऱ्या बाकावरील व्यक्तीच्या कानात तो सुईसारखा टोचतो. अ‍ॅम्प्लिफायर थोडा मागे कलवून झोत वादकाच्या कानाकडे वळवला, तर त्याचे हात आपोआप खाली येतात.

मागच्या भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी हे आणखी एक कारण. वादकापासून ती भिंत १८ मीटरवर असेल, तर आवाज जाऊन परत येण्यास एक दशांश सेकंद लागतो. तेवढ्याने ताल मागे ओढला जातो व गीत रेंगाळते. मधल्या वाटेवर उभे राहून एक टाळी वाजवून पाहावी. मागून दुसरी टाळी ऐकू आली, तर त्या भिंतीवर जाड सतरंज्या किंवा गोधड्या, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, टांगाव्या.

रिव्हर्ब नावाच्या बटणाची कथा तर मोठी उद्बोधक आहे. लॉरेन्स हॅमंड यांचा विजेवर चालणारा ऑर्गन १९३५ साली अमेरिकेत बाजारात आला. लोकांनी तो घरोघरी नेला; पण गालिचे व पडदे असलेल्या दिवाणखान्यात तो कोरडा वाटू लागला, कारण ऑर्गन म्हटला की कानाला चर्चमधील निनादाची सवय. म्हणून हॅमंड यांनी तारेच्या स्प्रिंगमधून आवाज नेऊन कृत्रिम निनाद निर्माण करण्याची युक्ती ऑर्गनला जोडली. पुढे फेंडर कंपनीने तीच युक्ती गिटारसाठी घेतली: १९६१ मध्ये स्वतंत्र पेटी म्हणून आणि १९६३ मध्ये अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच. चर्चच्या निनादाची जी नक्कल घरासाठी केली गेली, तीच आपण पुन्हा चर्चमध्ये आणून खऱ्या निनादावर ओततो! दगडी मंदिरात हे बटण शून्यावर असावे.

प्रत्यक्षात काय करावे? शनिवारचा निदान अर्धा तास मंदिरातच सराव व्हावा. गिटार दुसऱ्याच्या हाती देऊन वादकाने स्वतः तिसऱ्या व शेवटच्या बाकावर बसून ऐकावे. सोबत एखाद्या वडिलांना बोलवावे, आणि गीताचा शब्द कळतो की नाही एवढेच त्यांना विचारावे. बेसचे बटण सरावाच्या खोलीपेक्षा बरेच खाली, आवाज गाणाऱ्यांच्या कंठाच्या किंचित खाली, आणि आघात थोडे विरळ. रिकाम्या मंदिरात शनिवारी थोडा घुमारा राहिला तरी चिंता नको. रविवारी माणसे आल्यावर तो उतरेल. माणसे आल्यावर मात्र बटणांना हात लावण्याचा मोह आवरावा. उपस्थिती फारच कमी असली तर आवाज आणखी कमी करावा, वाढवू नये.

नाताळात पटांगणावर कार्यक्रम असेल, तर हे सारे उलटे होते. तेथे भिंती नाहीत, छत नाही. चहूकडे सेबिनची उघडी खिडकीच पसरलेली. तोच अ‍ॅम्प्लिफायर तेथे दुबळा व रुक्ष वाटेल. तेव्हा तो मंचामागच्या भिंतीजवळ सरकवावा, बेस थोडा वाढवावा आणि वर्षभर शून्यावर ठेवलेले ते रिव्हर्बचे बटण खुशाल उघडावे.