चिखलदऱ्याचा उतार आणि म्यू-एन

परतवाड्याहून चिखलदऱ्याला आपण बहुतेक जण एकदा तरी गेलेलोच आहोत. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटर उंच, तर परतवाडा ३७० च्या आसपास. म्हणजे परत येताना गाडी जवळपास ७५० मीटर खाली उतरते. चढताना सगळ्यांना इंजिनाची काळजी! मेकॅनिक्सचा खरा प्रश्न मात्र उतरतानाच येतो.

उतारावरच्या गाडीचं फ्रिक्शन काढा म्हटलं, की कित्येकांचं पेन 'म्यू गुणिले एन' लिहून मोकळं होतं. पण म्यू-एन ही फ्रिक्शनची कमाल मर्यादा आहे. चाक न घसरता फिरतंय तोवर रस्ता फक्त गरजेपुरतंच फ्रिक्शन देतो.

आता आकडे घालू. प्रवाशांसकट बस १२ टन, रस्त्यावर २० मीटर गेलं की १ मीटर खाली असा उतार, आणि वेग ताशी ३० किलोमीटर, एकसारखा. वजन झालं १,१७,७२० न्यूटन. त्याचा उताराच्या दिशेचा भाग, म्हणजे डब्ल्यू साइन थीटा, ५,८८६ न्यूटन. वेग वाढत नाही, म्हणजे गाडीला अडवणारं एकूण बलही तेवढंच. टायरच्या रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.०१ धरला तर त्यातले सुमारे १,१७७ न्यूटन तिथेच गेले. या वेगाला हवेचा विरोध थोडाच, तो सोडून देऊ. उरले साधारण ४,७०० न्यूटन.

आणि रस्ता किती देऊ शकतो? कोरड्या डांबरावर म्यू ०.७ धरा, मर्यादा येते ८२,००० च्या वर. पावसात ०.४ धरला तरी ४७,०००, म्हणजे गरजेच्या दहापट! (वळणावर आणि अचानक ब्रेक मारल्यावर गरज वाढते, हे वेगळं.)

मग घाटात ब्रेक का जातात? कारण रस्त्यावर नाही, ब्रेकच्या ड्रममध्ये आहे. ४,७०० न्यूटनला सेकंदाला ८.३३ मीटरने गुणा: सुमारे ३९ किलोवॅट. म्हणजे २ किलोवॅटचे जवळपास २० गीझर एकदम चालू! एवढी उष्णता एकट्या ब्रेकवर पडली की ड्रम तापतात, लायनिंगचा म्यू घटतो आणि पेडल दाबूनही पकड येत नाही. यालाच ब्रेक फेड म्हणतात.

ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्यातच उतरायचं, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठीच. खालच्या गिअरमध्ये चाकंच इंजिनाला फिरवतात आणि त्या ३९ किलोवॅटचा मोठा वाटा इंजिन खातं. न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारे महाभाग तो सगळा भार ब्रेकवर टाकतात. आणि डिझेल तरी कुठं वाचतं? न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं; गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की पंप ते जवळजवळ बंद करतो.