टोकियोहून आपाचे पत्र

(मालेगावची एक मुलगी जपानची राजधानी टोकियो येथे इंजिनिअरिंगचे शिक्षण घेत आहे. तिचे वडील रेडिओ आणि टेलिव्हिजन दुरुस्त करतात. तिने धाकट्या भावाला पार्सलबरोबर पाठवलेले हे पत्र आहे.)

प्रिय छोटे,
खूप खूप दुआ.

पार्सल उघडताच तू तोंड फुगवशील, हे मला ठाऊक आहे. तू व्हिडिओ गेम मागितला होतास आणि त्यातून निघाले एक पुस्तक! पण रागावू नकोस. आधी हे पत्र वाच आणि अब्बांनाही वाचून दाखव.

गेल्या रविवारी मी अकिहाबाराला गेले होते. अकिहाबारा म्हणजे टोकियोतील विजेच्या वस्तूंचा प्रसिद्ध बाजार. १८६९ साली या भागात मोठी आग लागली होती. पुन्हा आग पसरू नये म्हणून तेथे मोकळे मैदान ठेवले आणि एक देऊळ बांधले. आगीपासून रक्षण करणाऱ्या अकिबा या देवतेचे ते देऊळ आहे, असे लोक समजू लागले. त्यावरून या जागेला 'अकिबाचे मैदान' अशा अर्थाचे नाव पडले.

रविवारी दुपारी तेथील मुख्य रस्त्यावर मोटारी बंद असतात. लोक रस्त्याच्या मधोमध चालतात. दोन्ही बाजूंना उंच इमारती आहेत आणि त्यांवर कार्टून चित्रांचे प्रचंड फलक आहेत. एका मजल्यावर कॅमेरे, दुसऱ्यावर खेळ, तिसऱ्यावर नुसत्या बाहुल्या! १९८३ साली निघालेला 'फॅमिकॉम' हा घरी खेळण्याचा व्हिडिओ गेमही मी पाहिला. जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याला अजून गिऱ्हाईक आहे.

मला मात्र अब्बांसाठी काहीतरी घ्यायचे होते. म्हणून मी रेल्वेच्या पुलाखालच्या जुन्या बाजारात शिरले. काय सांगू तुला! गल्ली इतकी अरुंद, की समोरून माणूस आला तर अंग चोरून उभे राहावे लागते. दुकाने आपल्या पानाच्या ठेल्याएवढी. पण प्रत्येक दुकानात शेकडो लहान लहान खण. कशात स्क्रू, कशात दिवे, कशात तारा, कशात बटणे. मला अब्बांच्या टेबलाचे खण आठवले आणि डोळे भरून आले.

या दुकानांची गोष्ट ऐक. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा टोकियो शहर बाँबहल्ल्यांनी जळून गेले होते. लोकांना बातम्या ऐकायच्या होत्या, पण तयार रेडिओ फार महाग होता. तेव्हा या भागात काही लोक रस्त्यावर बसून रेडिओचे सुटे भाग विकू लागले. जवळच विजेचे शिक्षण देणारी शाळा होती. तिथले विद्यार्थी ते भाग विकत घेत, स्वतः रेडिओ जोडत आणि स्वस्तात विकत. १९४९ साली रस्त्यावरील दुकाने हटवण्याचा हुकूम निघाला. दुकानदारांनी एकजूट करून दुसरी जागा मागितली. त्यांना रेल्वेच्या पुलाखाली जागा मिळाली.

पुढे लोकांच्या हाती पैसा आला. मग येथे धुलाई यंत्रे, फ्रीज आणि टेलिव्हिजन विकले जाऊ लागले. १९७६ साली 'रेडिओ कैकान' नावाच्या इमारतीत एन.ई.सी. कंपनीने एक दालन उघडले. तेथे लहानशा संगणकाचे सुटे भाग मिळत. लोक ते घरी नेऊन स्वतः जोडत. संगणकामागून खेळ आले आणि खेळांमागून कार्टूनची दुकाने. म्हणजे एवढ्या झगमगाटाची सुरुवात सुट्या भागांपासून झाली!

आता माझी फजिती ऐक. एका दुकानात मला सुंदर सोल्डरिंग आयर्न दिसले. अब्बांचे किती जुने झाले आहे! मी लगेच पैसे काढले. दुकानदार आजोबांनी विचारले, "कोणत्या देशात नेणार?"

मी म्हटले, "भारतात. माझे वडील रेडिओ दुरुस्त करतात."

"तुमच्याकडे वीज किती व्होल्टची?"

"२३० व्होल्टची," मी सांगितले.

आजोबांनी ती वस्तू परत खणात ठेवली. ते म्हणाले, "ही १०० व्होल्टची आहे. तुमच्या वडिलांचा हात भाजेल. मी ही विकणार नाही."

मी शरमेने खाली पाहिले. इंजिनिअरिंग शिकणारी मी, आणि एवढी साधी गोष्ट विसरले! विजेचा दाब २.३ पट झाला, तर उष्णता पाच पटींहून अधिक होते. ते आयर्न क्षणात जळाले असते. येथील सगळीच वस्तू आपल्याकडे चालते असे नाही. येथे एफ.एम. रेडिओची केंद्रे ७६ ते ९५ मेगाहर्ट्झवर लागतात, आपल्याकडे ८८ ते १०८ वर. येथला रेडिओ तिकडे नेला, तर आपली बरीच केंद्रे लागणारच नाहीत.

मग आजोबांनी एक बारीक चिमटा आणि लहान स्क्रू-ड्रायव्हरचा संच पुढे ठेवला. ते हसून म्हणाले, "यांना वीज लागत नाही. हे कोणत्याही देशात चालतात."

छोटे, अब्बा नेहमी म्हणतात, "आता दुरुस्तीला कोण येते? लोक जुने फेकतात आणि नवे घेतात." येथेही तेच आहे. पुलाखालचा 'रेडिओ स्टोअर' हा जुना बाजार २०१३ साली बंद झाला. तरीही त्या आजोबांनी हाती आलेला पैसा सोडला, पण चुकीची वस्तू विकली नाही. अब्बाही असेच आहेत, नाही का? त्यांना सांग, त्यांच्यासारखा एक माणूस मला टोकियोत भेटला.

तुझ्या पुस्तकाविषयी सांगायचे राहिले. ही ओसामु तेझुका यांची चित्रकथा आहे. तिचा नायक 'अ‍ॅटम' नावाचा यंत्रमानव मुलगा आहे. १९६३ साली तो टेलिव्हिजनवर आला आणि जपानी मुलांचा लाडका झाला. भाषा तुला समजणार नाही, पण चित्रे समजतील. आणि एक गंमत! हे पुस्तक आपल्या उर्दू पुस्तकासारखे उजवीकडून उघडते. आता सांग, जपान तुला परका वाटतो का?

अम्मी-अब्बांना सलाम.

तुझी,
आपा

शब्दार्थ
फलक – पाटी
अंग चोरणे – अंग आखडून घेणे
एकजूट – एकी
दालन – मोठी खोली
झगमगाट – लखलखाट
फजिती – गमतीदार अडचण

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) युद्धानंतर विद्यार्थी सुट्या भागांचे काय करत?
(आ) आजोबांनी कोणती वस्तू विकली नाही?
२. कारणे लिहा.
(अ) आपाला शरम वाटली.
(आ) चिमटा कोणत्याही देशात चालतो.
३. तुमच्या गावातील एखाद्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला भेटा आणि त्याच्याविषयी पाच वाक्ये लिहा.