हार्मोन्स, पथ्य आणि एक वही

चि. सानिका,


पाळीच्या आधीच्या आठवड्यातली चिडचिड, उगाच येणारं रडू, फुगलेलं पोट, या सगळ्यावरून ‘माझे हार्मोन्स बिघडलेत, ते आहाराने ताळ्यावर आणायचेत’ असं तू लिहिलंस. त्रास खरा आहे, निदान मात्र घाईचं आहे. आणि निदान चुकलं की पथ्यही चुकतं. बीजांड सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन चढतं आणि पाळीच्या आधी उतरतं. हा चढउतार त्रास होणाऱ्या नि न होणाऱ्या दोघींमध्ये साधारण सारखाच असतो. पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला, 1998 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. औषधाने बीजकोषांचं काम तात्पुरतं थांबवल्यावर अनेक स्त्रियांचा त्रास कमी झाला. मग त्यांना नेहमीच्या पातळीइतकं इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन दिलं, तेव्हा तो परतला. ज्यांना मुळात त्रास नव्हता, त्यांच्यावर याच हार्मोन्सचा तसा परिणाम झाला नाही. म्हणजे दोष हार्मोनच्या मापात नाही. नेहमीच्याच मापाला काहींचा मेंदू जास्त प्रतिसाद देतो. म्हणूनच पंधरा दिवस जवस नि पंधरा दिवस तीळ खाऊन हार्मोन्स ‘संतुलित’ करण्याची जी टूम निघाली आहे, तिला आधार नाही. तीळ-जवस जरूर खा, पण चटणी म्हणून.

मग आहाराचा उपयोगच नाही का, असं तू विचारशील. आहे, पण माफक. त्याच 1998 साली 466 स्त्रियांवरचा कॅल्शियमचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत 48 टक्क्यांनी उतरला, नुसती लुटुपुटीची, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा 30 टक्क्यांनी. हा 30 चा आकडा दाखवून कुणी म्हणेल, ‘बघ, सगळे मनाचे खेळ!’ ते पटवून घेऊ नकोस. दुखण्यावरच्या बहुतेक औषधांच्या चाचण्यांत लुटुपुटीच्या गोळीनेही थोडं बरं वाटतंच, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. त्या आकड्यातून मी वेगळंच शिकते: एकीला अमुक खाऊन बरं वाटलं, एवढ्यावर त्या पदार्थाला औषध म्हणू नये. शिवाय तो अभ्यास गोळ्यांचा होता. भाकरीने तेवढाच गुण येईल असं मी म्हणणार नाही. पण शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दही-दूध घरात असतंच, आणि हे खाऊन तुझं नुकसान काही नाही. बी-6 च्या गोळ्यांचं तसं नाही. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्या तर हातापायांच्या नसांना इजा होते, म्हणून मनाने घेऊ नकोस. चहा-कॉफी सोडायचा धाकही बाळगू नकोस. परिचारिकांच्या मोठ्या अमेरिकी पाहणीत कॅफिनचा या त्रासाशी संबंध आढळला नाही. झोप मोडत असेल तर संध्याकाळचा कप तेवढा टाळ. आणि त्या दिवसांत भूक वाढते म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस, उपास तर मुळीच नको. भुकेल्या पोटी चिडचिड वाढेल आणि तू खापर पुन्हा हार्मोन्सवर फोडशील.

पथ्याच्या आधी एक काम कर. लागोपाठ दोन पाळ्या रोज रात्री एका वहीत दोन ओळी लिही: आज काय झालं, किती झालं, झोप कशी होती. मागे वळून आठवताना आपण वाईट दिवस पाळीच्या खात्यात टाकतो नि बाकीचे विसरतो. पाळी सुरू झाल्यावर त्रास ओसरत असेल तर दुखणं पाळीआधीचंच. महिनाभर टिकत असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल, थायरॉइड किंवा रक्तक्षय सुद्धा. त्या दिवसांत जगणं नकोसं वाटत असेल, तर नाचणीची वाट पाहू नकोस, वहीच्या दोन पाळ्यांचीही नको. त्याच दिवशी आईला सांग आणि डॉक्टरांकडे जा. नैराश्यावरची काही औषधं या त्रासावर काही दिवसांतच गुण देतात, काहींना तर ती फक्त पाळीआधीचे दोन आठवडे घेऊनही पुरतात. वही सोबत ने.

तुझी,
आत्या